‘सुमारे एक’ म्हणजे किती?

हूकचा नियम फळ्यावर लिहून झाला की अनुभवी शिक्षक त्याखाली दोन शब्द आणखी लिहितात : ‘स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत’. स्प्रिंगला वजने लावत जावे, तिची लांबी त्या प्रमाणात वाढत जाते. एका वजनानंतर मात्र ती पूर्वस्थितीला येत नाही. अशा वेळी नियम खोटा ठरला असे आपण म्हणत नाही. नियमाची हद्द संपली, असे म्हणतो. पदार्थविज्ञानातील जवळजवळ प्रत्येक नियमाला अशी हद्द असते, आणि चांगला सिद्धांत आपली हद्द स्वतःच सांगतो.

हा लेख अशाच एका हद्दीविषयी आहे. मात्र ती स्प्रिंगची नसून क्वांटम गुरुत्वाकर्षणाची आहे. २०१८ साली स्ट्रिंग सिद्धांतावर काम करणाऱ्या चार शास्त्रज्ञांनी एक अटकळ मांडली. तिच्यात एक असमानता आहे, आणि त्या असमानतेत एक स्थिरांक आहे. त्याची किंमत ‘सुमारे एक’ असावी, असे तिचे कर्ते म्हणतात. या ‘सुमारे’ शब्दाची परीक्षा करावी, असे आम्हांला वाटते.

शिक्षकांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न येईल. कारण असे की अकरावी-बारावीचे विद्यार्थी स्ट्रिंग सिद्धांताविषयी विचारतातच, आणि शिक्षकाच्या हाती जी पुस्तके लागतात ती दोन टोकांची असतात. ब्रायन ग्रीन यांचे ‘द एलिगंट युनिव्हर्स’ (१९९९) वाचले तर विश्वाचे अंतिम सूत्र हाती यायला थोडाच अवकाश आहे, असे वाटू लागते. पीटर वॉइट यांचे ‘नॉट ईव्हन राँग’ आणि ली स्मोलिन यांचे ‘द ट्रबल विथ फिजिक्स’ (दोन्ही २००६) वाचली तर हा सारा खटाटोप प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी समजूत होते. पुस्तके तिन्ही चांगली आहेत. पण एखादे नेमके विधान घेऊन ते आकड्यांशी ताडून पाहण्याचा अनुभव त्यांतून विद्यार्थ्याला फारसा मिळत नाही. येथे आपण तेवढेच करू.

प्रथम मर्यादेची गोष्ट. १९३४ साली एन्रिको फर्मी यांनी बीटा-कणांच्या उत्सर्जनाचा सिद्धांत मांडला. त्यात चार कण एकाच बिंदूत भेटतात, असे मानले होते. कमी ऊर्जेला हा सिद्धांत उत्तम चालतो. पण कणांच्या टकरीची ऊर्जा वाढवत नेली की त्या घटनेची संभाव्यताही वाढत जाते, आणि काहीशे गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला ती एकापेक्षा जास्त येते. संभाव्यता एकापेक्षा जास्त म्हणजे शंभर गुणांच्या पेपरात एकशेवीस गुण! याचा अर्थ त्या ऊर्जेच्या आतच काहीतरी नवे सापडले पाहिजे. ते सापडलेही : १९८३ साली सर्न येथे डब्ल्यू आणि झेड हे कण मिळाले, त्यांची वस्तुमाने अनुक्रमे सुमारे ८० व ९१ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पुढे हाच युक्तिवाद या कणांच्या आपसांतील टकरींना लावला, तेव्हा सुमारे एक टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत हिग्ज कण किंवा त्याच्या जागी दुसरे काहीतरी निघाले पाहिजे, असे उत्तर आले. २०१२ साली १२५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला हिग्ज कण मिळाला. सिद्धांताने आपली ऊर्जा-मर्यादा सांगावी आणि निसर्गाने त्या मर्यादेच्या आत उत्तर द्यावे, हा विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाचा फार मोठा विजय आहे. पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळत नाही, याचे आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते.

गुरुत्वाकर्षणाला हाच हिशेब लावला की उत्तर येते प्लँक ऊर्जा : १.२ गुणिले १ वर १९ शून्ये, इतके गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा आकडा छाती दडपून टाकतो; पण ज्यूलमध्ये तो सुमारे दोनशे कोटी भरतो, म्हणजे घरातल्या विजेच्या मीटरवरची सुमारे ५४० युनिटे. एखाद्या मध्यम घराची काही महिन्यांची वीज, एवढेच. अडचण ऊर्जेची नाही. ती सगळी एका कणावर एकवटायची आहे, ही अडचण आहे. सर्नच्या मोठ्या वर्तुळाकार यंत्रात २०२२ पासून प्रोटॉनांच्या टकरी १३.६ टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला होऊ लागल्या. प्लँक ऊर्जा त्याच्या जवळजवळ १ वर १५ शून्ये इतकी पट आहे. त्यामुळे तेथे जाऊन पाहण्याचा मार्ग बंद, आणि वॉइट यांच्यासारख्यांची तक्रार रास्त ठरते. वर चढता येत नसेल तर वरच्या मजल्यावर काय आहे याविषयीचे बोलणे खालून कसे पडताळायचे?

येथे अदिश क्षेत्र आणि त्याचा विभव यांची गाठ पडते.

अदिश क्षेत्र म्हणजे अवकाशातील प्रत्येक बिंदूला एक संख्या. खोलीतील तापमान हे त्याचे सोपे उदाहरण : दिशा नाही, फक्त किंमत. मूलभूत म्हणता येईल असे अदिश क्षेत्र आजवर एकच सापडले आहे, ते हिग्जचे. अशा क्षेत्राची जी किंमत असेल तिच्यानुसार अवकाशाच्या प्रत्येक घनमीटरात काही ऊर्जा साठलेली असते. तो त्या क्षेत्राचा विभव. आलेखावर तो डोंगर-दऱ्यांसारखा दिसतो, आणि क्षेत्र त्यावरून चेंडूप्रमाणे घरंगळते व खळग्यात स्थिरावते.

आता आपण वर्गात सांगतो की विभवाचा शून्य कोठेही घ्यावा. महत्त्व फक्त फरकाला असते. टेबलावरच्या पुस्तकाची स्थितिज ऊर्जा जमिनीपासून मोजा की विहिरीच्या तळापासून, पुस्तक पडण्याचा वेग तोच येतो. हे अगदी खरे आहे, फक्त गुरुत्वाकर्षण स्वतः मैदानात उतरेपर्यंत. आइन्स्टाइनच्या समीकरणांत ऊर्जा म्हणून जे काही असेल ते सगळे अवकाशाला वाकवते; त्यामुळे खळग्याचा तळ शून्याच्या किती वर किंवा खाली आहे, हे विश्वाला कळते. तळ शून्याच्या वर असेल तर अवकाश वाढत्या वेगाने प्रसरण पावते. विलेम द सिटर यांनी १९१७ साली अशा विश्वाचे उत्तर काढले होते. पुढे १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दोन गटांना दिसले की आपले विश्व खरोखरच तसे वागते आहे. या कृष्ण ऊर्जेची घनता अगदी क्षुल्लक आहे : एका घनमीटरात तीन-चार प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी.

फर्मीच्या बाबतीत जो हिशेब यशस्वी झाला तोच येथे करून पाहिला, म्हणजे पोकळीतील क्वांटम कंपनांची ऊर्जा प्लँक मर्यादेपर्यंत मोजली, तर उत्तर निरीक्षणापेक्षा सुमारे १ वर १२० शून्ये इतक्या पटीने जास्त येते. ऊर्जा-मर्यादेचा युक्तिवाद एरवी इतका भरवशाचा, आणि येथे मात्र तो तोंडघशी पडतो. क्वांटम गुरुत्वाचा कोणताही उमेदवार सिद्धांत घ्या, त्याला प्रश्न हाच विचारायचा : हा इवलासा, पण शून्यावरचा तळ तुला जमतो का?

स्ट्रिंग सिद्धांताला तो सहजासहजी जमत नाही. या सिद्धांताला दहा मिती लागतात. त्यांपैकी सहा अतिशय लहान आकारात गुंडाळलेल्या आहेत, असे मानतात. या गुंडाळीचा आकार आणि घाट आपल्या चार मितींत अदिश क्षेत्रे म्हणून दिसतात. अशी क्षेत्रे शेकड्यांनी असू शकतात, आणि त्या प्रत्येकाला कोठे तरी खळगा हवा. तो नसेल तर गुंडाळी आपोआप उलगडत जाईल. मायकेल डाइन आणि नेथन सायबर्ग यांनी १९८५ सालीच दाखवून दिले होते की जेथे आपले गणित सर्वांत भरवशाचे असते, त्याच प्रदेशात विभव हा नुसता उतार असतो. चेंडू अनंताकडे घरंगळत जातो. खळगा हवा असेल तर गणित कठीण असलेल्या प्रदेशातच शोधावा लागतो. पुढचे चाळीस वर्षांचे भांडण या एका निरीक्षणात सामावले आहे.

२००३ साली असा खळगा तयार करण्याची एक कृती प्रसिद्ध झाली. शमित कचरू, रेनाटा कॅलॉश, आंद्रेई लिंडे आणि संदीप त्रिवेदी हे तिचे कर्ते. यांपैकी त्रिवेदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, पुढे तिचे संचालकही झाले. कृती थोडक्यात अशी : गुंडाळलेल्या मितींतून चुंबकीय क्षेत्रासारखे प्रवाह सोडून तिचा घाट पक्का करायचा, एका सूक्ष्म क्वांटम परिणामाने तिचा आकार पक्का करायचा, यातून जो खळगा मिळतो त्याचा तळ शून्याखाली असतो. मग प्रतिपटलासारखी एक वस्तू एका अरुंद खाचेच्या तळाशी ठेवून संपूर्ण खळगा अलगद शून्याच्या किंचित वर उचलायचा. हा खळगा कायमचा नाही, पण विश्वाच्या वयापेक्षा कितीतरी पटींनी जास्त टिकतो. प्रवाहांच्या वेगवेगळ्या निवडी केल्या तर असे असंख्य खळगे मिळतील असा अंदाज झाला. ‘१ वर ५०० शून्ये’ हा आकडा तेव्हापासून गाजतो आहे. लिओनार्ड ससकिंड यांनी या पसाऱ्याला लँडस्केप म्हणजे भूप्रदेश असे नाव दिले.

इतके खळगे असतील तर कोणतेही विश्व कोठे तरी सापडणारच! मग सिद्धांताने नेमके सांगितले काय? सर्वच उत्तरे बरोबर ठरवणारा परीक्षक काय कामाचा, अशी ही टीका होती, आणि ती आम्हांला आजही योग्य वाटते.

कमरून वाफा यांनी २००५ साली या टीकेला वेगळ्या दिशेने उत्तर दिले. भूप्रदेश मोठा असेल, पण त्याच्या भोवती त्याहून कितीतरी मोठी दलदल आहे, असे त्यांचे म्हणणे. कमी ऊर्जेला निर्दोष दिसणारे बहुतेक सिद्धांत या दलदलीत पडतात, कारण प्लँक ऊर्जेपर्यंत नेल्यावर त्यांना गुरुत्वाकर्षणाशी नांदता येत नाही. वरच्या मजल्यावर चढता येत नसले तरी वरच्या खांबांमुळे खालच्या मजल्यावर काही ठिकाणी भिंती असणारच. त्या भिंती आपण तपासू शकतो. ही कल्पना आम्हांला मनापासून आवडते. ती खरी असेल तर पडताळणीचा बंद झालेला मार्ग थोडासा उघडतो.

यातली एक भिंत नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिथे ऊर्जा-मर्यादा आणि विभव एकमेकांना बांधले जातात. निसर्गात कणांचे प्रकार जितके जास्त, तितकी गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा-मर्यादा खाली येते. जॉर्जी द्वाली यांनी २००७ साली दाखवले की ती प्रकारांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागली जाते. शंभर प्रकार असतील तर मर्यादा दहापट खाली. दुसरीकडे हिरोशी ओगुरी आणि वाफा यांनी २००६ साली अशी अटकळ मांडली होती की अदिश क्षेत्र प्लँक मापाने दूर सरकू लागले की नव्या हलक्या कणांची रांगच्या रांग उतरू लागते, आणि त्यांची वस्तुमाने घातांकी वेगाने कमी होत जातात. दोन्ही एकत्र केल्या तर निष्कर्ष असा निघतो : क्षेत्र जसजसे दूर जाईल तसतसे छत खाली येते. विभवामुळे होणाऱ्या प्रसरणाचा वेग या छताच्या आत राहिला पाहिजे. तेव्हा दूर जाताना विभवालाही खाली उतरावेच लागते. डाइन आणि सायबर्ग यांचा उतार येथे एका नव्या कारणासह परत येतो.

जून २०१८ मध्ये जॉर्जेस ओबिद, ओगुरी, लेव्ह स्पोदिनेइको आणि वाफा यांनी याच्याही पुढची उडी घेतली. त्यांची अटकळ अशी : विभव जेथे जेथे शून्याच्या वर आहे तेथे तेथे त्याचा उतार हा त्याच्या उंचीच्या ‘सी’ पट किंवा अधिक असलाच पाहिजे. क्षेत्र प्लँक मापात मोजायचे, म्हणजे ‘सी’ ही नुसती संख्या उरते, आणि ती सुमारे एक आहे. ती बरोबर एक असेल तर क्षेत्र एका प्लँक मापाने सरकले की विभव निदान ३७ टक्क्यांवर यायला हवा. उताराला असे बंधन घातले की शून्यावरचा खळगा उरतच नाही, कारण तळाशी उतार शून्य असतो. २००३ ची कृती बाद, लँडस्केपमधले आपल्यासारखे सगळे खळगे बाद. आपली कृष्ण ऊर्जा मग स्थिरांक नव्हे. एखादे क्षेत्र उतारावरून हळूहळू घरंगळते आहे आणि तिची किंमत बदलते आहे, असे ठरते.

हे धाडसी विधान आहे, आणि त्यासाठी आम्ही त्याचे कौतुकच करतो. खळगे मोजत बसण्यापेक्षा चुकण्याची तयारी दाखवणे बरे. पण धाडस केले की हिशेबही द्यावा लागतो. तो असा.

त्या लेखात स्ट्रिंग सिद्धांताच्या काही सुटसुटीत उदाहरणांवरून ‘सी’च्या किमती काढल्या होत्या. अकरा मितींतून चार मितींत येणाऱ्या एका वर्गात ती ६ भागिले १४ चे वर्गमूळ, म्हणजे १.६ येते. त्याच सुमारास प्रतीक अगरवाल, ओबिद, पॉल स्टाइनहार्ट आणि वाफा यांनी कृष्ण ऊर्जेच्या तेव्हाच्या मोजमापांवरून दाखवले की ‘सी’ ०.६ पेक्षा फारशी मोठी असू शकत नाही. १.६ आणि ०.६ दोन्ही ‘सुमारे एक’ म्हणून चालून गेल्या. एवढ्यापर्यंत तक्रार नाही. पदार्थविज्ञानात असे ढोबळ अंदाज रोज करतात.

पण विश्वाच्या अगदी सुरुवातीचा इन्फ्लेशनचा, म्हणजे प्रचंड वेगाने फुगण्याचा काळ घेतला तर? हा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्याला वहीत करता येईल. त्या काळी निर्माण झालेल्या गुरुत्वीय तरंगांचा ठसा पार्श्वभूमी प्रारणावर उमटायला हवा. घनतेच्या चढउतारांच्या ठशाशी त्याचे जे गुणोत्तर, ते साध्या, एकाच क्षेत्राच्या इन्फ्लेशनमध्ये ‘उतार भागिले उंची’ या संख्येच्या वर्गाच्या आठपट असते. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-केक प्रयोगाने २०२१ साली हे गुणोत्तर ०.०३६ पेक्षा कमी आहे, असे सांगितले. ०.०३६ ला आठने भागा : ०.००४५. वर्गमूळ घ्या : सुमारे ०.०६७. म्हणजे तेथे क्षेत्र एका प्लँक मापाने सरकले तर विभव फक्त साडेसहा टक्क्यांनी उतरत होता. ०.०६७ ला ‘सुमारे एक’ म्हणायचे असेल तर मग ‘सुमारे एक’ नाही असे काय उरते? अटकळीच्या समर्थकांचे उत्तर असे की साधे इन्फ्लेशन झालेच नसेल. क्षेत्रे अनेक असतील, किंवा सुरुवात वेगळ्याच रीतीने झाली असेल. शक्य आहे. पण दावा तपासायला घेतला की सभोवतालचे सगळे बदलायचे आणि दावा तसाच ठेवायचा, हे फार वेळा करता येत नाही.

दुसरा आघात अधिक घरगुती होता. फ्रेडरिक डेनेफ, आर्थर हेबेकर आणि टिम व्रासे यांनी त्याच वर्षी हिग्जकडे बोट दाखवले. हिग्जचा विभव मेक्सिकन टोपीसारखा असतो. टोपीच्या टोकावर उंची भरपूर, आणि उतार शून्य. तेथे उतार असेलच तर तो फक्त कृष्ण ऊर्जेच्या क्षेत्राचा, आणि तो इतका नगण्य की ‘सी’ची किंमत दशांश चिन्हानंतर चौपन्न शून्यांनंतर सुरू होते. यातून सुटायचे तर हिग्ज आणि कृष्ण ऊर्जा यांची अशी सांगड घालावी लागते की तिचे परिणाम निसर्गात दिसायला हवेत, आणि ते दिसत नाहीत. ज्या एकमेव अदिश क्षेत्राची आपल्याला प्रत्यक्ष ओळख आहे, तेच अटकळीच्या आड आले!

ऑक्टोबर २०१८ मध्ये ओगुरी, एरन पाल्टी, गॅरी शिऊ आणि वाफा यांनी अटकळ दुरुस्त केली : एकतर उतार पुरेसा तीव्र असावा, किंवा निदान एका दिशेने विभव पुरेसा खाली वाकलेला असावा. सुमित गर्ग आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चेतन कृष्णन यांनी जुलैमध्येच याच्याशी मिळतीजुळती अट सुचवली होती. टोपीचे टोक आता चालते. खळग्याचा तळ अजूनही चालत नाही. काही टीकाकारांना ही दुरुस्ती म्हणजे जुन्या ज्योतिषशास्त्रातल्या उपवृत्तांसारखी ठिगळे वाटली. आम्ही इतके कठोर होणार नाही. दुरुस्तीनंतर विधान दुबळे झाले हे खरे, पण ज्या गोष्टीवर भांडण होते, शून्यावरचा खळगा, ती मनाई कायम राहिली. दुरुस्ती लाजिरवाणी नसते. स्थिरांक मोकळा सोडणे हे मात्र खुपते. कारण दुसऱ्या अटीतही एक ‘सुमारे एक’ आहे. पार्श्वभूमी प्रारणावरून साध्या इन्फ्लेशनसाठी वाकाचे उंचीशी प्रमाण ०.०१ ते ०.०२ च्या दरम्यान येते. पुन्हा शंभरावा हिस्सा.

त्रिवेदी आणि कचरू यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेले उत्तर शिक्षकांना विशेष उद्‌बोधक वाटेल, कारण ते थेट हद्दीच्या मुद्द्यावर येते. त्यांचे म्हणणे असे की प्रथम जड कण बाजूला काढून कमी ऊर्जेचा सिद्धांत लिहायचा आणि मग त्यात छोटे परिणाम मिळवायचे, ही रीत फर्मीपासून सर्वत्र चालते. त्यांच्या कृतीतही नेमके तेच केले आहे. ती इथेच का चुकावी, याचे कारण दाखवल्याशिवाय तिला दलदलीत ढकलता येणार नाही. हा मुद्दा आम्हांला बिनतोड वाटतो. पण दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : कृती प्रसिद्ध झाल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी सर्व आकड्यांसह पूर्ण तयार झालेला एकही निर्विवाद खळगा कोणी टेबलावर ठेवलेला नाही. लियाम मॅकअॅलिस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली सर्वांत तपशीलवार उदाहरणे दिली, आणि शीर्षकातच त्यांना ‘उमेदवार’ म्हटले. हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. निवडून आल्याची घोषणा अजून व्हायची आहे.

मध्यंतरी अटकळीच्या बाजूने एक खरी प्रगती झाली. अलेक बेद्रोया आणि वाफा यांनी २०१९ साली असे सुचवले की प्लँक लांबीपेक्षा लहान असलेले कंपन प्रसरणाने ताणले जाऊन विश्वाच्या क्षितिजापलीकडे कधीच जाता कामा नये. ऊर्जा-मर्यादेच्या पलीकडचे गुपित मोठ्या पडद्यावर उघडे पडू नये, असा हा दंडक. यातून ‘सी’ची नेमकी किंमत निघते : २ भागिले ६ चे वर्गमूळ, म्हणजे ०.८२. शिवाय खळग्याला पूर्ण बंदीही राहत नाही, फक्त मुदत मिळते. आपल्या विश्वाच्या बाबतीत ती सुमारे दोन लाख कोटी वर्षे. अखेर ‘सुमारे’ गेले म्हणावे, तर ०.८२ ही किंमत फक्त क्षेत्राच्या अतिदूरच्या टोकाला लागू आहे. आपण जेथे राहतो त्या मधल्या प्रदेशाला नाही. आकडा पक्का झाला, तर जागा हातची सुटली.

अलीकडे निरीक्षणांनीही या वादात भाग घेतला आहे. अॅरिझोनातील किट पीक येथील दुर्बिणीवर बसवलेले डेसी हे उपकरण पाच हजार प्रकाशतंतूंनी एकाच वेळी तितक्या दीर्घिकांचे वर्णपट घेते. २०२४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये त्याच्या गटाने सांगितले की कृष्ण ऊर्जा काळाप्रमाणे बदलत असावी, असे आकडे सुचवतात. अतिनवताऱ्यांची कोणती यादी जोडीला घ्यावी त्यानुसार या संकेताची ताकद २.८ ते ४.२ सिग्मा येते; शोध म्हणायला पाच लागतात. दलदलवाद्यांनी याचे स्वागत केले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्याच आकड्यांत एक काटा आहे. त्यांना सर्वांत चांगली बसणारी रेषा पूर्वीच्या काळात कृष्ण ऊर्जेचा दाब भागिले घनता हे गुणोत्तर उणे एकच्याही खाली नेते. उतारावरून घरंगळणाऱ्या साध्या क्षेत्राला ते कधीच जमत नाही. एकट्या क्षेत्राने ते साधायचे तर साधारणतः गतिज ऊर्जा ऋण असलेले क्षेत्र लागते. (डॉ. जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी १९६० च्या दशकात स्थिर विश्वासाठी वापरलेले ‘सी-क्षेत्र’ ऋण ऊर्जेचे होते, याची मराठी वाचकांना येथे आठवण होईल. त्या ‘सी’चा आमच्या ‘सी’शी संबंध नाही.) निरीक्षण पक्के ठरले तरी ते अटकळीच्या खिशात आपोआप पडणार नाही. शिवाय २०१४ साली बायसेप-२ ने गुरुत्वीय तरंगांचा ठसा सापडल्याचे जाहीर केले होते आणि तो मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धूळ निघाली, हे विसरून चालणार नाही.

या सगळ्यातून खरी परीक्षा कोठे होईल, असे विचाराल तर आम्ही ०.६ किंवा १.६ कडे पाहणार नाही. बेद्रोया-वाफा यांचा दंडक इन्फ्लेशनला लावला तर त्या काळची ऊर्जा सुमारे शंभर कोटी गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही, आणि तरंगांचे गुणोत्तर दशांश चिन्हानंतर सुमारे तीस शून्यांइतके लहान असले पाहिजे. येथे ‘सुमारे’ने पळवाट मिळत नाही, तीस शून्यांच्या जागी अठ्ठावीस घेतली तरी फरक पडत नाही. चिलीतील अटाकामा वाळवंटातली सायमन्स वेधशाळा तेच गुणोत्तर ०.००३ च्या आसपासच्या अचूकतेने मोजण्यासाठी उभारली आहे, आणि जपानचा लाइटबर्ड उपग्रह त्याहूनही खोल जाण्यासाठी आखला आहे. तेथे ०.०१ असा आकडा निघाला तर नेहमीच्या इन्फ्लेशनसह हा दंडक टिकणार नाही. काहीच निघाले नाही तर दंडक सिद्ध होणार नाही, फक्त जिवंत राहील. फळ्यावर एका बाजूला ०.०१ लिहावे आणि दुसऱ्या बाजूला शून्यांची ती लांब रांग. वर्गातला कोणीही विद्यार्थी या दोन संख्यांना सारखे म्हणणार नाही.